तुरटीची लाही

माणसांची पाठ वळली की भांडीकुंडी बोलायला लागत, त्या काळची गोष्ट. एका वैद्याच्या फळीवर एक तुरटी राहायची. काचेसारखी लख्ख आणि तितकीच तोऱ्यात. "माझ्या अंगात पाण्याचा टिपूसही नाही," ती सांगायची. "हात लावून बघा, खडखडीत कोरडी आहे."

"जवळजवळ निम्मं पाणीच आहेस गं तू," शेजारचा तराजू म्हणाला.

तुरटीचा पारा चढला. "लाव पैज! दाखव मोजून!"

तराजूने तिला तोललं. फळीवरची मूस, म्हणजे औषधं तापवायची मातीची कुपी, तिला पोटात घेऊन विस्तवावर बसली. तुरटी वितळली, खदखदली आणि बघता बघता लाहीसारखी फुगून काठापर्यंत आली.

"बघ, उलट वाढलेच मी!" म्हणत ती पारड्यात बसली, पण पारडं खाली येईना.

"पहिल्या वजनातून आताचं वजा कर," तराजू म्हणाला. "राहील तेवढं पाणी तुझ्यातून गेलं."

तिला पटेना. ती हट्टाने पुन्हा विस्तवावर गेली आणि आणखी घटली. पुन्हा गेली, पुन्हा घटली. शेवटी मात्र कितीही तापवलं तरी वजन जागचं हलेना.

"थांबलं!" तुरटी हरखली. "वाचले बाई एकदाची!"

तराजूने तिच्याकडे पाहिलं. ती पांढरी, पोकळ झाली होती. फुंकर लागली तरी भुगा झाला असता. पैज जिंकूनही त्याचा काटा थरथरत राहिला.

"वाचली नाहीस गं," तो म्हणाला. "तुझ्यातून जायचं आता काही उरलंच नाही."