घाटातला लाल त्रिकोण

गाड्यांमधली अवजारं एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. सुगंधाबाईंच्या जीपमध्ये जॅक आणि धोक्याचा लाल त्रिकोण शेजारी राहत.

एका सकाळी घाटातल्या दाट धुक्यात जीपचा टायर फुटला. बाईंनी आधी त्रिकोण मागच्या वळणावर नेऊन उभा केला. मग जॅक लावून त्या चाकाशी बसल्या.

तेवढ्यात ट्रकचा आवाज आला. जॅक ओरडला, "अरे, बाजूला हो! चिरडशील!"

"मी हटलो तर बाई इथे आहेत हे त्याला सांगणार कोण?" त्रिकोण म्हणाला आणि जागीच उभा राहिला.

धुक्यात लाल रंग चमकताच ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. ट्रक त्रिकोणावरून घसरत गेला, पण जीपच्या अलीकडे थांबला.

सुगंधाबाईंनी त्रिकोणाचे तुकडे ओंजळीत गोळा केले. अख्खी जीप पेलून उभा असलेला जॅक हळूच म्हणाला, "आमच्यात ताकदवान तोच होता."