एका फणसाचे दोन ओंडके

ज्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, त्यांच्या काळातली ही गोष्ट. पोरांनो, जवळ या. आणि ज्यांचे केस पिकलेत त्यांनीही उठून जाऊ नका, गोष्ट तुमचीही आहे.

एका तळ्याकाठी वीणा घडवणाऱ्यांचं गाव होतं. तिथली एक रीत होती. पोरगा शिकून तयार झाला, स्वतःचं काम करायला लागला, की पहिल्याच दिवशी त्यानं फणसाचा एक ओंडका तळ्यात बुडवायचा. ओंडका कित्येक वर्षं पाण्यात मुरायचा, मग कित्येक वर्षं माळ्यावर सावलीत वाळायचा. कारागिराच्या कानशिलावर पांढरे केस दिसू लागले, की लाकूड तयार झालं म्हणायचे. मोठी वीणा फक्त अशाच लाकडाची व्हायची. आणि दुसऱ्याचं लाकूड घ्यायचं नाही, आपलं कुणाला द्यायचं नाही. ज्यानं मुरवलं त्यानंच घडवायचं.

तोवर काय? तोवर कच्च्या लाकडाच्या लहान वीणा करायच्या, जत्रेत विकायच्या आणि पोट भरायचं.

हैबती आणि भिवा एकाच गुरूकडून एकाच दिवशी बाहेर पडले. दोघांनी मिळून एक फणस तोडला आणि बुंधा उभा चिरला. करवत नेमकी एका मोठ्या गाठीतून गेली. अर्धी गाठ याच्या वाट्याला आली, अर्धी त्याच्या.

"बघ रे," हैबती हसला, "आपली जोडी लाकडालाही कळली!"

दोन्ही ओंडके शेजारी शेजारी पाण्यात गेले.

हैबतीच्या मनात तेव्हापासून एकच होतं. गावाबाहेर नदीकाठी राजाचं देऊळ होतं, तिथं पहाटे वीणा वाजायची. ती आता जुनी झाली होती. आज ना उद्या राजा नवी मागणार, आणि ती आपल्या हातची असावी, यासाठी त्याचा जीव तुटायचा. जेवता जेवता घास हातात राहायचा आणि तो ती न घडलेली वीणा ऐकत बसायचा. हात तर असा होता की गावात त्याला तोड नव्हती. भिवाचा हात आपला साधा. नेटका, पण साधा.

पुढं काय झालं, नगरशेठ आले. "लेकीचं लग्न आहे. लोकांनी तोंडात बोटं घालावीत अशी वीणा पाहिजे."

कच्च्या लाकडात तेवढा आवाज कुठला? हैबती तळ्याकडं बघायला लागला.

"वेडा आहेस का?" भिवा म्हणाला. "अजून पाण्याची चवसुद्धा लागली नाही त्याला!"

"एका ओंडक्याचं काय घेऊन बसलास! पुढच्या वर्षी दुसरा टाकतो की."

लग्नात वीणा वाजली आणि लोकांनी हैबतीला खांद्यावर घेऊन नाचवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती तडकली, पण तोवर तिची आठवण कुणाला होती?

तुम्ही म्हणाल, दुसरा ओंडका टाकला का? टाकला हो, खोटं कशाला बोलू! पण तोही एका सरदारासाठी असाच अर्धवट बाहेर आला. मग तिसरा टाकायचं राहूनच गेलं. दरवर्षी कुणाची ना कुणाची घाई. मनात मात्र देवळातली वीणा रोज वाजतच होती. ज्याची एवढी ओढ, नेमकी त्याच्यासाठीच या बाबाला सवड नाही!

भिवा दरवर्षी तळ्यात उतरायचा, ओंडका कुशीवर वळवायचा आणि चिखलानं माखून घरी यायचा. लोक विचारायचे, "काय भिवा, घातली का लाकडाला आंघोळ?" भिवाही हसायचा. पुढं त्यानं तो ओंडका माळ्यावर चढवला.

होता होता दोघांची कानशिलं पांढरी झाली. आणि एके दिवशी राजाचे म्हातारे गवई गावात आले.

"देवळासाठी वीणा हवी आहे. आधी लाकूड दाखवा."

हैबतीनं घरातलं उत्तम लाकूड पुढं ठेवलं. गवईबुवांनी कान लावून टिचकी मारली. ठप्प!

"तुमचं नाव फार ऐकलंय," बुवा हळूच म्हणाले. "पण हे लाकूड बोलत नाही हो."

"बुवा, मला थोडी मुदत द्या. मी मुरवतो लाकूड."

"किती मुदत देऊ?"

हैबतीचा हात आपल्या पांढऱ्या कानशिलाकडं गेला.

मग बुवांनी भिवाच्या ओंडक्यावर टिचकी मारली. आवाज घुमला आणि घुमतच राहिला. काम भिवाला मिळालं.

काही दिवसांनी भिवा हैबतीच्या दारात आला. "वीणा मीच घडवीन, रीतच आहे तशी. पण वीणेच्या टोकावर मोर कोरायचाय, तो माझ्या हातून धड होणार नाही. तू कोरशील?"

हैबतीला जावंसं वाटत नव्हतं. तरी गेला. त्यानं मोर असा कोरला की आता उडतो की काय! काम संपल्यावर त्यानं वीणेच्या अंगावरून हात फिरवला, आणि एका जागी हात थांबला. तिथं अर्धी गाठ होती.

"भिवा, हा माझ्याच ओंडक्याचा भाऊ रे," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "माझाही असाच बोलला असता."

भिवानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढं हैबती रोज पहाटे देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा. आत वीणा वाजायची, अगदी तशीच, जशी तो उभा जन्म मनात ऐकत आला होता. येणारे जाणारे म्हणायचे, "काय सुंदर मोर कोरलात हो!"

"मोर सुंदर आहे," हैबती म्हणायचा, "पण तो वाजत नाही."

तात्पर्य: उतरत्या वयात जे आपल्या हातून घडावंसं वाटतं, त्याची तयारी कामाच्या पहिल्या दिवशीच सुरू करावी, आणि मधल्या वाहवेपायी ती मोडू नये.