खरी नक्कल

त्या रानात लिहायला कुणालाच येत नसे, पण न्यायनिवाडा मात्र रीतसर होई. दोन डोंगरांच्या मधोमध एक उघडा काळा खडक होता. ज्यांचं भांडण असेल ते तिथं येत, गवा निवाडा देई आणि हरणाऱ्याला नदीपार घालवून देत. खडकाच्या कडेला अंजनाच्या झाडांची रांग होती आणि त्यांच्यावर भृंगराज बसत. भृंगराज म्हणजे शेपटीला दोन लांब पिसं लोंबणारा काळा पक्षी. एकदा ऐकलेला आवाज तो हुबेहूब काढतो. खडकावर जे जे बोललं जाई ते सगळं हे पक्षी घशात साठवून ठेवत, खोकला, शिंक आणि उसाशासकट. यालाच त्या रानात नक्कल म्हणत. एरवी कुणी नक्कल केली की हसू येतं. इथं कुणी हसत नसे, कारण कोण काय बोललं होतं याला त्या नकलेवाचून दुसरा आधार नव्हता.

आणि कायदा असा की खडकावरचा शब्द सगळ्या रानाचा. मुंगीनं येऊन मागितला तरी तो ऐकवायचा. का हवा आहे, हे विचारायचं नाही. या कायद्याचा रानाला फार अभिमान. तिथं दार नव्हतं, कुंपण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नक्कल मागायला येणारंही कुणी नव्हतं. शहाण्यानं खडकावर पाय ठेवू नये, अशी म्हणच पडली होती.

अशा त्या खडकाकडे एक उतारवयाची टिटवी निघाली. शहाणी होती, पण निघाली.

ती खड्याएवढी होती तेव्हा तिच्या आईला खडकावर बोलावलं होतं. आरोप असा की ही वेळी-अवेळी ओरडते आणि तिच्या ओरडण्यानं दुसऱ्याचं नुकसान होतं. आरोप शाबीत झाला आणि आई तडीपार झाली. तडीपार म्हणजे त्या रानात अक्षरशः तेच, नदीची पलीकडची तड. तिथून परतलेलं कुणी पाहिलेलं नाही. टिटव्यांच्या वस्तीत या गोष्टीबद्दल अळीमिळी गुपचिळी. फारच खोदून विचारलं तर एवढंच सांगत, की तुझ्या आईनं उभ्या उभ्या "हो" म्हटलं आणि गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

टिटवीला आईची आठवण येई, असं म्हणता येत नाही. आठवण यायला आधी काहीतरी आठवावं लागतं. तिला आठवत होते ते फक्त भाजणारे तळपाय आणि कुणीतरी तिला ओढत नेलं ते. आवाज आठवत नव्हता. तिनं स्वतःची पिल्लं वाढवली, त्यांच्या पिल्लांना पंखाखाली घेतलं, आणि दर वेळी पिल्लू कुशीत आलं की तिच्या पोटात तोच प्रश्न उठे. जाताना आई माझ्याबद्दल काही बोलली का? एक शब्द तरी? तेवढं कळलं असतं तर बाकी काही नको होतं तिला.

खडकाच्या तोंडाशी सरडा बसत असे. कोणती नक्कल कोणत्या भृंगराजाकडे आहे, हे तोच सांगणार. टिटवीनं आईचं नाव सांगितलं आणि नदीला दोन धारा फुटल्या ते साल सांगितलं. सरड्याची मान वरखाली हलली. टिटवीचा जीव भांड्यात पडला.

"मान हलते ती माझी सवय आहे बाई," सरडा म्हणाला. "तो होकार समजू नका. फिर्याद कुणाची होती?"

"माझी आई होती. तिच्यावर—"

"ज्याच्यावर फिर्याद होती त्याच्या नावावर इथं काही ठेवत नाहीत. फिर्याद करणाऱ्याच्या नावावर ठेवतात. त्याचं नाव सांगा. आत्ता ऐकवायला सांगतो."

टिटवीला ते नाव माहीत नव्हतं. कसं असणार? आई गेली त्या दिवशी सगळ्या वस्तीनं शपथ घेतली होती, की त्या मेल्याचं नाव पुन्हा उच्चारायचं नाही. ती शपथ इतकी कसोशीनं पाळली गेली की पुढच्या पिढीला तो पक्षी होता की जनावर, हेही ठाऊक नव्हतं. नुसतं "तो" म्हणत आणि थुंकत.

"साल तर सांगितलं ना मी," ती म्हणाली.

"एका सालात शेकडो भांडणं होतात. त्या सालचा भृंगराज तो बघा, शेवटच्या झाडावरचा. सगळी ऐकवायला बसला तर त्याचाच प्राण जाईल. तसाही फार दिवसांचा सोबती नाही तो." सरड्यानं रंग थोडा बदलला. तो अगदीच वाईट नव्हता. "आणखी एक सांगतो, मग सांगितलं नाही म्हणू नका. भृंगराज जाण्याआधी आपल्या जवळच्या नकला पुढच्याला शिकवून जातो. पण त्या कोणत्या, तर ज्या कुणीतरी कधीतरी मागितल्या होत्या त्याच. न मागितलेल्या त्याच्याबरोबर जातात. इतकं ओझं कोण वाहणार?"

"माझ्या आईची कुणी मागितली होती?"

सरड्याची मान हलली. या खेपेला टिटवीनं काही समजून घेतलं नाही.

तिनं शेवटच्या झाडाकडे पाहिलं. म्हातारा भृंगराज फांदीवर डुलक्या घेत होता, शेपटीचं एक पीस गळून गेलेलं. तिची आई त्या घशात होती. इतक्या जवळ ती उभ्या आयुष्यात कधी आली नव्हती. मध्ये भिंत नाही, दार नाही, पहारा नाही, फक्त एक नाव नाही. ती बराच वेळ तशीच वर बघत राहिली. तिला वाटत होतं, कुणीतरी विचारावं, बाई, तुम्हाला हे का हवंय? पण कायदा चांगला होता, आणि कुणी विचारलं नाही.

ती वस्तीत परतली आणि घरोघर फिरली. नाव म्हटलं की म्हाताऱ्यांच्या चोची मिटत. काही जण तिच्यावरच खेकसले, की जुनी मढी उकरून काय मिळणार. एक जण म्हणाला, आम्ही तुझ्या आईच्या मानासाठीच गप्प राहिलो, आणि ते खरंही होतं. प्रेमानं घातलेली कडी उघडत नाही ती नाहीच. टिटवी कुणावर रागावली नाही. फक्त तिला शेवटच्या झाडावरची ती फांदी दिसत राहिली.

शेवटी ती मावशीकडे गेली. मावशी आईची धाकटी बहीण. डोळे गेलेले, पण जीभ शाबूत. खडकावरून पोरीला ओढत आणणारी हीच.

"शपथ आहे गं," मावशी म्हणाली. "तो मेला खरंच मेला, तरी आमची शपथ चालूच."

"मावशी, तो भृंगराज गेला की आई कायमची गेली."

मावशी वाळूत चोचीनं रेघा ओढत बसली. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर जुना खट्याळपणा आला.

"पोरी, शपथ घेताना आम्ही काय म्हटलं होतं ठाऊक आहे? त्याचं नाव उच्चारणार नाही. पण नाव उच्चारणं वेगळं आणि नाव घेणं वेगळं. नवऱ्याचं नाव तरी कधी तोंडानं उच्चारलं आम्ही? उखाण्यात घ्यायचं नाही, असं कुणीच म्हणालं नव्हतं." आणि तिनं मान ताठ केली, नव्या नवरीसारखी घसा खाकरला आणि म्हणाली,

"एका पायावर उभा राहतो, डोळे मिटून घेतो देवाचं नाव,
मासा दिसता डोळा उघडतो, तो मेला धवलराव."

म्हणून झाल्यावर ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. इतकी वर्षं गिळलेलं नाव बाहेर पडायला दोन ओळी पुरल्या. "तळ्यावरचा बगळा होता गं तो," ती म्हणाली. "तुला ओढत आणलं तेव्हा मी तुझे कान पंखांनी झाकले होते. पुढचं तुला ऐकू येऊ नये म्हणून. चुकलंच माझं. मलाही काही ऐकू आलं नाही, मी पळत होते."

टिटवीनं आपली मान तिच्या मानेवरून फिरवली.

"येते मावशी."

"ये."

सरड्यानं नाव ऐकलं आणि तो शेवटच्या झाडाकडे गेला. ऐकणाऱ्यानं कुठं उभं राहायचं हेही ठरलेलं होतं, खडकाच्या मधोमध, जिथं निवाड्याच्या वेळी आरोपी उभा असे. ऊन चढलं होतं. खडक तव्यासारखा तापला होता. टिटवी एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी राहिली, मग दुसरा उचलून पहिल्यावर.

म्हाताऱ्या भृंगराजानं डोळे उघडले. "धवलराव," तो स्वतःशी पुटपुटला आणि कितीतरी वेळ आत शोधत राहिला. मग त्यानं चोच उघडली आणि बगळा बोलू लागला. आवाज मवाळ, लाघवी. हिच्या ओरडण्यानं मासे बुजून तळाला जातात, माझी पोरं उपाशी निजतात, मला कुणाशी वैर नको, फक्त न्याय हवा. टिटवीला वाटलं होतं की या आवाजाचा तिला संताप येईल. पण तिला घाई झाली होती. बगळ्याचं बोलणं संपेना.

मग गव्याचा जड आवाज आला, "काय म्हणणं आहे तुझं?"

आणि एक अगदी कोवळा आवाज म्हणाला, "सांगते."

टिटवीला तो ओळखता आला नाही. तिनं आयुष्यभर म्हाताऱ्या आईच्या आवाजाची वाट पाहिली होती. ही तर तिच्या धाकट्या लेकीहूनही लहान कुणीतरी बोलत होती. घाबरलेली, घसा सुकलेली पोर. टिटवीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हिला कुणीतरी पंखाखाली घ्यायला हवं होतं.

"सांगते सगळं," तो आवाज म्हणाला, "पण आधी ते माझं पोर..."

"कुठलं पोर?"

"ते काय, खडकाच्या कडेला. पाय भाजतायत तिचे. बघा ना, एकेक पाय उचलतेय. तेवढं तिला कुणीतरी बाजूला..."

"मुद्द्याचं बोल. आणि हे नकलेत घेऊ नका."

"आणि हे नकलेत घेऊ नका" हेही भृंगराजानं गव्याच्याच आवाजात जसंच्या तसं म्हटलं. त्याला गाळायला येत नव्हतं. फक्त ठेवायला येत होतं.

"तू ओरडलीस की नाही?"

"घार आली की ओरडते. घार बगळ्याच्या पोरांवरसुद्धा..."

"हो की नाही?"

थोडा वेळ काहीच आलं नाही. भृंगराज चोच उघडी ठेवून थांबला होता. ती शांतताही नोंदलेली होती.

"हो."

हे तेच "हो" होतं. वस्तीनं एवढंच जपून ठेवलं होतं. त्याच्या मागचं आणि पुढचं सगळं या एका थकलेल्या घशात पडून राहिलं होतं.

मग निवाडा झाला. मग गलका, खुरांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. दूर एक पिल्लू चिवचिवत होतं आणि चिवचिवणं लांब लांब जात होतं. टिटवीनं ते ऐकलं. तो तिचा स्वतःचा आवाज होता. भृंगराजाला धाप लागली. तो थांबतोय असं वाटलं. सरड्यानं वर पाहिलं.

आणि मग त्या म्हाताऱ्या पक्ष्यानं मान उंच करून, होता नव्हता तेवढा श्वास लावून ती हाक दिली. ज्या हाकेपायी सगळा खटला झाला होता तीच, टिटवीची, लांबून येणारी, डोंगरावर आपटून माघारी फिरणारी.

"बाळे, उन्हात उभी राहू नकोस. सावलीत जा. येते मी."

डोंगरांनी ते शब्द दोनदा परत दिले.

टिटवी खडकावरून उतरली. कडेला करवंदीची जाळी होती, तिच्या सावलीत गेली, पाय पोटाखाली घेतले आणि मान जमिनीला टेकवून बसली, पिल्लं बसतात तशी. सरडा जवळ आला. "झालं बाई, संपली नक्कल," तो हळूच म्हणाला. ती हलली नाही. थोड्या वेळानं तो आपल्या जागी निघून गेला.

ऊन कललं. करवंदीची सावली हळूहळू पूर्वेकडे सरकू लागली, आणि तिच्याबरोबर टिटवीही, नदीकडे डोळे लावून, तसूतसूनं सरकत राहिली.