पिटकू, बंब आणि ठमीखालची चावी

डोंगरावर गवताचं एक घर होतं. घरात राहायचे पिटकू उंदीर आणि त्याची पिल्लं. डोंगराच्या पायथ्याशी होती माणसांची सोसायटी.

एक दिवस काय झालं? डोंगरावर वणवा लागला. तड तड तड! पिटकूचं घर जळून गेलं. पिटकूनं एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीत लपवलं. पण आग निघाली भिंतीकडेच!

तेवढ्यात पुढच्या फाटकाबाहेर बंब आला. टण टण टण!

पिटकू पळाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बंबवाले काका, आग विझवा! आग विझेना, माझी पिल्लं वाचणार कशी?"

काकांनी डोळे बारीक केले. "माझा पाईप कुरतडायला आलास ना? आणि फाटक तर बंद. फाटक उघडलं, तर बंब आणीन."

पिटकू गेला वॉचमन हरबामामांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मामा, फाटक उघडा! फाटक उघडेना, बंब येईना, आग विझेना, माझी पिल्लं वाचणार कशी?"

मामांनी डबा मागे लपवला. "माझ्या भाकरीवर डोळा आहे ना तुझा? आणि फाटकाला चिकटून शकूमावशींची गाडी. गाडी हलली, तर फाटक उघडीन."

पिटकू गेला शकूमावशींकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मावशी, गाडी हलवा! गाडी हलेना, फाटक उघडेना, बंब येईना, आग विझेना, माझी पिल्लं वाचणार कशी?"

मावशींनी चप्पलच उचलली. "पोहे चोरायला आलास, मेल्या? आणि चावी आहे ठमी मांजरीच्या पोटाखाली. हात लावला की बोचकारते! ठमी उठली, तर गाडी हलवीन."

मांजर! पण गेला बिचारा. तुरु... तुरु...

"ठमीताई, ऊठ ना! ठमी उठेना, चावी मिळेना, गाडी हलेना, फाटक उघडेना, बंब येईना, आग विझेना, माझी पिल्लं वाचणार कशी?"

ठमीनं एकच डोळा उघडला. "उंदीर आपल्या पायानं माझ्याकडे? यात काहीतरी काळंबेरं आहे. मी नाही उठत!"

आता? पिटकूनं डोळे मिटले. ठमीची मिशी धरली. आणि ओढली. खस्सकन!

"म्याँव! थांब, चोरा!"

पुढे पिटकू, मागे ठमी!

ठमी उठली, चावी मिळाली. चावी मिळाली, गाडी हलली. गाडी हलली, फाटक उघडलं. फाटक उघडलं, बंब आला. फुस्स्स! आग विझली. माणसांची घरं वाचली. पिटकूची पिल्लंही वाचली.

पिटकू बंबाखाली धापा टाकत होता. काका खाली वाकले. "उगाच संशय घेतला रे तुझ्यावर. घर जळलं ना तुझं? हे घे." काकांनी त्याला आपला जाडजूड हातमोजा दिला. एकेका बोटात एकेक खोली! पिल्लं पळाली आत.

ठमी येऊन दाराशी बसली. गोड गोड आवाजात म्हणाली, "पिटकू, बाहेर ये ना. शाबासकी देते."

आतून पिटकू म्हणाला, "ठमीताई, शाबासकी तिथूनच दे!"