कोठाराएवढा शब्द

फार पूर्वी हळदीची एक पेठ होती. तिथले सौदे रुमालाखाली होत. दोघांचे हात झाकलेले आणि भाव बोटांनी ठरायचा. त्यात विसाराचा सौदा असे. गिऱ्हाईक आज थोडी रक्कम विसार म्हणून देई आणि होळीनंतर आजच्याच भावाने हळद मागायचा हक्क मिळवी. भाव चढला तर तो माल नेई. उतरला तर फिरकतही नसे, आणि विसार व्यापाऱ्याकडेच राही. व्यापाऱ्याला मात्र शब्द मोडता येत नसे. मोडला तर पंच त्याचा रुमाल काढून घेत, आणि मग त्याच्याशी कुणी सौदा करत नसे.

एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला या सौद्यांसाठी माणूस हवा होता. गावातल्या कोष्टिणीच्या मुलाने ते काम मिळवायचं मनावर घेतलं. आईची नजर गेल्यापासून घरातला एक माग बंद होता, आणि उरलेल्या एकावर दोघांचं पोट भरत नव्हतं. पण हळदीचा व्यापार त्याने जन्मात केला नव्हता.

मग तो रोज बाजार बघून येई आणि दुपारी आईसमोर चिंचोके घेऊन बसे. आई गिऱ्हाईक, हा व्यापारी, आणि चिंचोक्यांनी भरलेलं मडकं म्हणजे कोठार. आई विसार देत गेली, हा घेत गेला. विसाराच्या चिंचोक्यांचा ढीग बघून स्वारी खूश. मग आई म्हणाली, भाव चढला, माझी सगळी हळद आण. मडक्यात तेवढी नव्हतीच. बाहेरून चढ्या भावाने आणता आणता ढीगही गेला आणि मडकंही रिकामं झालं.

मुलगा हसायला लागला. आई हसली नाही.

"आज चिंचोके गेले," ती म्हणाली. "उद्या कुणाचं तरी घर जाईल. बुडायचं तेवढं इथंच बुडून घे, बाळा."

त्यानंतर बरेच दिवस तो बुडत राहिला आणि शिकत राहिला.

मग तो व्यापाऱ्याकडे काम मागायला गेला. पारख करायला व्यापाऱ्याने एका दिवसापुरतं एक कोठार त्याच्याकडे सोपवलं आणि दुसरं आपल्या भाच्याकडे. भाचा पेठेतच वाढलेला, बोलण्यात पटाईत. तो येईल त्याचा विसार घेत सुटला. कोष्टिणीच्या मुलाने कोठारात होती तेवढ्या हळदीचा शब्द दिला आणि रुमालाची घडी घातली. लोक दुप्पट विसार द्यायला तयार झाले, तरी त्याने ती उलगडली नाही.

संध्याकाळी व्यापाऱ्याला ते पटेना. विसार देणारे सगळे माल न्यायला थोडेच येतात, निम्मे तर तोंडही दाखवत नाहीत, असं त्याने समजावलं.

"एखाद्या वर्षी सगळेच आले तर?" मुलाने विचारलं.

"असं वर्ष मी तरी पाहिलेलं नाही," व्यापारी म्हणाला आणि त्याने भाच्याला कामावर ठेवलं.

मुलगा घरी येऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसला. त्याला फार वाईट वाटलं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या वर्षी हळदीचे कंद जमिनीतच कुजले. भाव आभाळाला भिडले. होळी झाली आणि विसार दिलेलं प्रत्येक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. मुलाने दिलेला शब्द एका कोठारातून पुरा झाला. भाच्याने दिलेला पुरा करताना दुसरं कोठार रिकामं झालं, मग ते विकलं गेलं, आणि शेवटी राहतं घरही गेलं. म्हाताऱ्याने कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. त्याच्याकडे एक कोठार आणि रुमाल, एवढंच उरलं.

तो रुमाल घेऊन म्हातारा कोष्टिणीच्या दारात आला.

"तू तर नवखा," तो मुलाला म्हणाला. "तुला कसं कळलं?"

"मी आधीच बुडालो होतो," मुलगा म्हणाला. "आईपुढं, चिंचोक्यांत."

म्हातारा उंबऱ्यावर बसला.

"मी कधी बुडालोच नव्हतो," तो म्हणाला. "तेच नडलं." आणि त्याने रुमाल मुलाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोष्टिणीसमोर भाचा चिंचोके घेऊन बसला होता.

तात्पर्य: अनुभव नसला तरी तयारी करता येते, पण आपण कुठे बुडू हे ज्याने आधी पाहून ठेवलं नाही, त्याची तयारी अपुरीच.