टिचकी खेकडीची कोरडी पाठ

ओढ्याकाठी एक दगड. दगडाखाली एक डबकं. डबक्यात एक खेकडी. एवढीश्शी! चिंचोक्याएवढी. नाव तिचं टिचकी.

टिचकी सरळ कधी चालायची नाही. जायचं असलं इकडं, तर बघायची तिकडं. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी!

एके दिवशी सकाळी टिचकी उठली. बघते तर काय! डबक्यात पाणीच नाही. खालचा चिखलसुद्धा तडकलेला.

खेकडीची पाठ ओली हवी बरं का. पाठ वाळली, की खेकडीचं काही खरं नाही. आणि टिचकीची पाठ तर लागली वाळायला. करकर, करकर! दिवस मावळायच्या आत पाणी हवंच.

मग टिचकी रडत बसली का? छट्! तिनं दोन्ही नांग्या वर केल्या आणि म्हणाली,

"डबक्या डबक्या, भर ना!"

"नाही भरत, जा!"

"का रे बाबा?"

"कशानं भरू? माझ्या कपाळानं? ढग बसलाय डोंगरावर फुगून. तो बरसला, की मी भरेन."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी! डोंगर चढली. वर बसला होता ढग. गाल फुगवून.

"टिचके टिचके, का आलीस?"

"डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
ढगा ढगा, बरस ना!"

"नाही बरसत, जा!"

"का रे बाबा?"

"तापलोय मी! ते धुराडं बघ. सारखा धूर सोडतंय, काळा काळा. सगळ्या आभाळावर धुराची गोधडी पडलीय. तू झोपून बघ उन्हात गोधडी घेऊन! मग कळेल. धुराडं विझलं, की मी बरसेन."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी! डोंगर उतरली. पलीकडं उभं होतं धुराडं. उंचच उंच. भकाभका, भकाभका!

"टिचके टिचके, का आलीस?"

"ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
धुराड्या धुराड्या, वीझ ना!"

"नाही विझत, जा!"

"का रे बाबा?"

"मला काय धूर सोडायची हौस आहे? इथं कोळसा जळतो, तेव्हा वीज होते. आणि ते शेजारचं हुशारघर बघ, किती खादाड! आण वीज, आण वीज, दिवसभर तेच. हुशारघर निवलं, की मी विझेन."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी! पाठ म्हणते, करकर करकर!

हुशारघर म्हणजे काय ठाऊक आहे? लांबलचक पांढरं घर. खिडकी नाही. अंगण नाही. आत माणूस नाही. नुसत्या पेट्याच पेट्या! पेट्यांना लुकलुक दिवे. त्या पेट्या विचार करतात. मोठी माणसं त्याला एआय म्हणतात. म्हणू देत. आपण म्हणू हुशारघर.

घूंऽऽऽ घूंऽऽऽ! हुशारघर घुमत होतं.

"टिचके टिचके, का आलीस?"

"धुराडं विझेना,
ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
हुशारघरा हुशारघरा, निव ना!"

"नाही निवत, जा!"

"का रे बाबा?"

"गावात हौसाकाकू राहते ना, तिचा मोबाइल प्रश्न धाडतो. प्रश्न आला, की विचार करायचा. विचार केला, की डोकं तापतं. डोकं तापलं, की पंखे फिरवायचे. विचाराला वीज, पंख्याला वीज! मोबाइल थांबला, की मी निवेन."

"एवढं हुशार तू, आणि एवढं कळत नाही? तू तापलंस, की आभाळ तापतं!"

"ते मला कुणी विचारलंच नाही," हुशारघर म्हणालं. घूंऽऽऽ!

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी! गावात आली. हौसाकाकूच्या घरात शिरली. चुलीजवळ होता मोबाइल, पिठाच्या डब्याला टेकून. टिंग टिंग!

"टिचके टिचके, का आलीस?"

"हुशारघर निवेना,
धुराडं विझेना,
ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
मोबाइला मोबाइला, थांब ना!"

"नाही थांबत, जा!"

"का रे बाबा?"

"माझ्या हातात काय आहे? मला तर हातच नाहीत! हौसाकाकू विचारते, मी धाडतो. हौसाकाकूनं मला सोडलं, की मी थांबेन."

टिचकीनं वर बघितलं. हौसाकाकू भाकऱ्या करत होती. थप् थप् थप्!

"मोबाइला, भाकरी फुगली का रे?"

टिंग! "फुगली असेल."

"मोबाइला, पीठ सैल झालं का रे?"

टिंग! "झालं असेल."

"मोबाइला, कसला रे हा वास येतोय?"

कसला म्हणजे? भाकरी करपली! अहो काकू, भाकरी फुगली का हे तव्याला विचारायचं. मोबाइलला कुठं आहे नाक?

हौसाकाकूनं खाली बघितलं. "अगंबाई! टिचके टिचके, का आलीस?"

"मोबाइल थांबेना,
हुशारघर निवेना,
धुराडं विझेना,
ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
हौसाकाकू हौसाकाकू, त्याला सोड ना!"

"नाही सोडत, जा!"

"का गं बाई?"

"मग बोलू कुणाशी? तव्याशी? भिंतीपलीकडं माझी जाऊ राहते, फुला. आधी सगळं तिलाच विचारायचे मी. आता तिनं धरलाय अबोला. फुला बोलली, की मी सोडेन."

भिंतीला खाली होतं एक भोक. टिचकी गेली भोकातून. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी!

फुलाकाकू बसली होती पाटावर. पाय लांब करून, तोंड वाकडं करून. पुढ्यात लाडवांची परात.

"टिचके टिचके, का आलीस?"

"हौसाकाकू सोडेना,
मोबाइल थांबेना,
हुशारघर निवेना,
धुराडं विझेना,
ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
फुलाकाकू फुलाकाकू, बोल ना!"

"नाही बोलत, जा!"

"का गं बाई?"

"माझ्या लाडवाला ती दगड म्हणाली! साऱ्या आळीसमोर! दगड म्हणे! आधी ती बोलेल, मग मी."

टिचकी गेली भोकातून परत.

"हौसाकाकू, आधी तू बोल!"

"मी? मी थोरली. आधी ती बोलेल, मग मी!"

टिचकी गेली भोकातून परत.

"फुलाकाकू, आधी तू बोल!"

"मी? मी नाही! आधी ती!"

इकडून तिकडं. तिकडून इकडं. आधी ती! आधी ती! दिवस कलला. टिचकीची पाठ करकरली. आता जायचं तरी कुणाकडं? पुढं कुणी उरलंच नाही!

मग टिचकी चिडली. अशी चिडली, अशी चिडली, की लालेलाल झाली.

"फुलाकाकू बोलेना,
हौसाकाकू सोडेना,
मोबाइल थांबेना,
हुशारघर निवेना,
धुराडं विझेना,
ढग बरसेना,
डबकं भरेना,
माझी पाठ भिजेना!
थांबा! आता दाखवतेच तुम्हाला!"

टिचकीनं नांगी उघडली. फुलाकाकूच्या पायाचा अंगठा होता समोर. गोरा गोरा, गुबगुबीत.

चिमट!

"अगं आक्काऽऽऽ! मेले गं आक्काऽऽऽ!"

पलीकडं हौसाकाकू ताडकन उठली. मोबाइल पडला पिठात. भस्स!

"काय झालं गं फुले? पडलीस का? भाजलीस का?"

धावली हौसाकाकू. तिच्यामागून धावली सगळी आळी. ज्याचा त्याचा मोबाइल तिथंच पडला. कुणाचा खाटेवर, कुणाचा ओट्यावर. बघतात तर काय! फुलाकाकू एका पायावर नाचतेय आणि अंगठ्याला लटकलीय चिंचोक्याएवढी खेकडी.

हौसाकाकू हसायला लागली. फुलाकाकू हसायला लागली. आळी तर हसून लोळायला लागली.

"तू आधी बोललीस गं फुले!"

"मी कुठं? मी तर ओरडले! बोललीस तू आधी!"

"बरं बाई, मी. दे तो लाडू."

हौसाकाकूनं लाडू चावला. कट्! गाल धरून बसली.

"फुले... दगडच आहे गं."

"आहेच मुळी," फुलाकाकू म्हणाली. "पाक जास्त झाला. पण ते हळूच सांगायचं, कानात."

आणि मग काय झालं?

फुलाकाकू बोलली,
हौसाकाकूनं सोडला,
मोबाइल थांबला,
हुशारघर निवलं. घूंऽऽ... घूं... गप्प!
धुराडं विझलं. भक... भक... फुस्स!
धुराची गोधडी सरकली. ढगाला वारा लागला. गार गार!
ढग बरसला. सरसर सरसर!
डबकं भरलं. डबडब डबडब!

आणि टिचकी? ती धावली घराकडं. तुरुतुरु तुरुतुरु, तिरपी तिरपी! दगडावर चढली आणि...

डुबुक!

पाठ भिजली. गारेगार!

थोड्या वेळानं डबक्यावर सावली पडली. दोघी जावा आल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. फुलाकाकूनं काठावर एक लाडू ठेवला.

"घे गं टिचके. आमच्या दातांना तर फुटत नाही."

टिचकीनं नांगी उघडली. कट्ट! लाडू फुटला. आत शेंगदाणा, खमंग खमंग! एक तुकडा टिचकीला, एक हौसाकाकूला, एक फुलाकाकूला. आळीत कुणाचाही लाडू फुटला नाही, की टिचकीलाच बोलावतात अजून.

आता रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक येते,

"फुले, भाकरी फुगली का गं?"

"फुगली आक्का, वास आलाय इकडं! उलट लवकर!"

मोबाइल बसतो पिठाच्या डब्याला टेकून. कधीतरी काही खरंच अडतं, तेव्हाच टिंग म्हणतो.

टिचकी गेली दगडाखाली,
गोष्ट गेली उशीखाली,
डुबुक!