उतू जाणारे दिवे

पाखरे माणसांशी बोलत आणि माणसे ऐकूनही घेत, त्या काळची ही गोष्ट.

डोंगरांच्या मधोमध एक मोठे तळे होते. कामे आटोपली की संध्याकाळी लोक तिथे येत, होडीत बसत, पाण्यात पाय सोडत. प्रत्येक होडीच्या टोकाला तेलाचा मोठा दिवा असे.

नावाड्यांची एक रीत होती. होडी पाण्यात लोटायची आणि मग दिवा उतू जाईपर्यंत भरायचा. तेल ओघळले की बरकत आली, असे ते मानत. ओघळलेले तेल तळ्यात जाई. थेंबभरच ते. पण होड्या पुष्कळ होत्या आणि संध्याकाळ रोज होत होती. पाण्यावर तवंग धरू लागला.

एके सकाळी एक बदकीण एका तरुण नावाडणीकडे आली.

"बाई, माझी पिल्लं पाण्यात उतरली की बुडायला लागतात."

"बदकाची पिल्लं बुडतात? तू शिकवलं नसशील नीट."

"आम्हाला कोण शिकवतं? पिसांना तुमचं तेल लागलंय. पिसं भिजतात, अंग जड होतं. दुसरं पाणी डोंगरापलीकडे आहे, आणि यांना अजून उडता येत नाही."

नावाडणीने एक पिल्लू ओंजळीत घेतले. त्याला तिच्याच दिव्याचा वास येत होता.

"चार दिवस थांब," ती म्हणाली.

तिने नावाड्यांची सभा बोलावली. एक म्हणाला, "माझं थेंबभरच जातं." दुसरा म्हणाला, "तळं केवढं, थेंब केवढा." सर्वांत म्हातारा नावाडी म्हणाला, "पोरी, रीत मोडलीस तर तुझ्या होडीत कोणी बसणार नाही." विडे खाऊन झाले. ठरले काहीच नाही.

नावाडीण कोणासाठी थांबली नाही. तिने दिवा काठावर आणला, बोटभर कमी भरला, फडक्याने पुसला आणि मग होडीवर चढवला.

"दिव्याला उपास घडवतेस का गं?" शेजारचा हसला.

"पोटभर घातलंय त्याला. अजीर्ण तुमच्या दिव्यांना झालंय."

त्या संध्याकाळी वारा सुटला, होड्या डुलू लागल्या. काठोकाठ भरलेले दिवे हिंदकळले आणि बसलेल्यांच्या कपड्यांवर तेल सांडले. नावाडणीच्या होडीत मात्र एकालाही डाग पडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे तिच्याच होडीपाशी उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी म्हातारा नावाडी आपला दिवा घेऊन काठावर आला. "कुठवर भरायचा म्हणालीस?" त्याने हळूच विचारले. तिने बोट लावून दाखवले. त्याच्यामागे बाकीचेही आले.

मग सर्वांनी मिळून सुक्या गवताचे भारे पाण्यावर पसरले, तवंग टिपून घेतला आणि ते गवत दूर नेऊन जाळले. बदकिणीने पिल्लांची पिसे एकेक करून साफ केली. थोड्याच दिवसांत पिल्ले होड्यांच्या पुढे पुढे पोहू लागली आणि म्हातारा नावाडी त्यांना वाट द्यायला वल्हे आवरू लागला.

लक्षात ठेवा: सगळ्यांचे पाणी राखायचे असेल, तर सगळे सुधारण्याची वाट न पाहता आधी आपला हात आवरावा.